गुंडाळलेला सिलिंडर: श्वसनहवेचा कंपोझिट सिलिंडर कसा वापरावा, कसा जपावा आणि कधी बाद करावा

पोलादी सिलिंडर पाठीवर घेऊन ज्याने एकदा तरी विसाव्या मजल्यापर्यंत जिना चढला आहे, त्याला कंपोझिट सिलिंडरचे महत्त्व पटवून देण्याची गरज पडत नाही. 300 बार दाबाचा 6 लिटरचा पोलादी सिलिंडर साधारण 10 किलोच्या घरात जातो, तर 6.8 लिटरचा कार्बन फायबरचा सिलिंडर रिकामा असताना सुमारे 4 किलोंचाच भरतो. मुंबईच्या अग्निशमन केंद्रांत, चेंबूर-माहुल पट्ट्यातील कारखान्यांत, गोदीतील जहाजांवर आणि काही उंच इमारतींच्या नियंत्रण कक्षांत ‘बीए सेट’वर, म्हणजे धुरात किंवा विषारी वायूत श्वास घेण्यासाठी पाठीवर बांधायच्या श्वसनयंत्रावर, हाच हलका सिलिंडर दिसतो. मात्र हा हलकेपणा मिळवताना सिलिंडरचे बळ आतून बाहेर, म्हणजे त्याच्या कातडीत, आणून ठेवलेले आहे, आणि या लेखातील बहुतेक सूचना त्याच एका गोष्टीतून निघतात.

रचना थोडक्यात अशी आहे. आत हवा अडवून धरणारे पातळ भांडे असते, त्याला लायनर म्हणतात. ते ॲल्युमिनियमचे असेल तर सिलिंडर ‘टाइप 3’ आणि प्लॅस्टिकचे असेल तर ‘टाइप 4’. या लायनरभोवती इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवलेले कार्बन तंतू आडवे आणि तिरपे असे घट्ट गुंडाळलेले असतात, आणि दाबाचा मोठा भार हे तंतूच पेलतात. अनेक सिलिंडरांवर सर्वांत बाहेर काचतंतूंचा एक थर असतो, जो मुख्यतः घासण्याचा आणि लहानसहान ठोक्यांचा मार आपल्या अंगावर घेण्यासाठी असतो. पोलादी सिलिंडरवरचा ओरखडा बहुतेक वेळा रंगाचा असतो. येथे मात्र ओरखड्याखाली लगेचच भार वाहणारा तंतू असू शकतो.

आत किती ऊर्जा कोंडलेली आहे याचा अंदाज असलेला बरा. 6.8 लिटरच्या भरलेल्या सिलिंडरमधील हवा एका क्षणात मोकळी झाली, तर ढोबळ हिशेबाने एक टन वजनाची मोटारगाडी सुमारे 40 मीटर उंच उचलण्याइतके काम ती करू शकते. म्हणून पुढे ‘बाद करावा’ असे जेथे लिहिले आहे, तेथे काटकसरीचा विचार करू नये.

बाहेरून तपासणी

प्रत्येक वापरानंतर आणि प्रत्येक वेळी भरण्यापूर्वी सिलिंडर उजेडात आणून सगळीकडून पाहावा. संरक्षक कापडी किंवा रबरी कव्हर असेल तर ते काढूनच पाहावे, कारण कव्हराखाली साचलेली बारीक वाळू आणि ओल ही सिलिंडरला आतल्या आत घासत राहते आणि वरून सगळे नवेकोरे दिसते. सिलिंडर बीए सेटच्या पाठपट्टीला जेथे पट्ट्याने आवळला जातो ती जागा, तळाची गोलाई आणि खांद्याचा भाग या तीन ठिकाणी सर्वाधिक झीज आढळते.

तपासणी केंद्रांत नुकसानीच्या तीन पातळ्या मानण्याची पद्धत आहे. पहिल्या पातळीत केवळ रंग किंवा वरचे रेझिन खरवडलेले असते आणि तंतू अखंड असतात. असा सिलिंडर वापरात राहू शकतो. दुसऱ्या पातळीत तंतू उघडे पडलेले किंवा थोडे तुटलेले असतात. तेथे वापर लगेच थांबवून सिलिंडर मान्यताप्राप्त तपासणी केंद्राकडे द्यावा लागतो, आणि इपॉक्सी लावून दुरुस्ती करता येईल की नाही हे तेथील तज्ज्ञच उत्पादकाच्या पुस्तिकेतील मर्यादा पाहून ठरवतात. तिसरी पातळी म्हणजे खोल छेद, मोठ्या भागावर सुटलेले तंतू, थर विलग होणे किंवा जळणे. येथे दुरुस्ती नाही, सिलिंडर बाद. वापरणाऱ्याने पातळी मोजत बसण्याची गरज नसते. त्याच्यासाठी साधा नियम पुरेसा आहे: ओरखड्यावरून नख फिरवावे, नख अडकले किंवा तंतूचे टोक बोटाला लागले, तर सिलिंडर बाजूला ठेवून त्याला खुणेची चिठ्ठी बांधावी.

ओरखड्यापेक्षा आघाताची मला अधिक धास्ती वाटते, कारण ओरखडा स्वतःला लपवत नाही. सिलिंडर टेबलावरून लोखंडी जाळीच्या कडेवर पडला, तर बाहेरच्या काचतंतूंच्या थरात रुपयाच्या नाण्याएवढा पांढुरका डाग उमटतो आणि बस्स. आतील कार्बनचे थर मात्र एकमेकांपासून सुटलेले असू शकतात आणि ॲल्युमिनियमच्या लायनरला पोचा गेलेला असू शकतो. एका कारखान्यातील सरावानंतर असाच एक पांढुरका डाग माझ्या पाहण्यात आला होता. गेज 300 बार दाखवत होता, कोठेही गळती नव्हती, आणि सिलिंडर पडल्याचे कोणीही सांगायला तयार नव्हते. तपासणी केंद्राने व्हॉल्व्ह काढून आत दिवा सोडला तेव्हा डागाच्या नेमक्या मागे लायनर आत आलेला दिसला. तो सिलिंडर जेमतेम दोन वर्षांचा होता, त्यामुळे भांडार विभागाची नाराजी बरेच दिवस टिकली. माझ्या मते दोष पडण्यात नव्हता. पडल्याचे सांगितले तर बोलणी खावी लागतात, ही समजूत तेथे रुजली होती, आणि ती कोणत्याही तपासणीपेक्षा घातक होती.

संशयाच्या जागी नाण्याने हलकेच टकटक करून आसपासच्या भागाशी आवाजाची तुलना करता येते. थर सुटलेला असेल तेथे आवाज बद्द येतो. ही चाचणी बाद करण्याचे कारण देऊ शकते, पण सिलिंडर चांगला असल्याची हमी देऊ शकत नाही, एवढे लक्षात ठेवूनच ती करावी.

उष्णतेच्या बाबतीत काजळी आणि जळणे यांत फरक करावा लागतो. आगीतून परत आलेला सिलिंडर काळा दिसणारच. तो सौम्य साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा. काजळी निघून खालचा रंग, लेबल आणि रेझिन जसेच्या तसे दिसले तर काळजीचे कारण नाही. पण रेझिन तपकिरी पडले असेल, फुगले असेल, लेबल करपले असेल किंवा व्हॉल्व्हचे प्लॅस्टिकचे भाग वितळलेले असतील, तर सिलिंडर बाद करावा. रेझिन हाच तंतूंना एकत्र धरून ठेवणारा गोंद आहे आणि तो एकदा भाजला की पुन्हा पूर्वीसारखा होत नाही.

रसायनांचे नुकसान सावकाश होते, म्हणून ते अधिक वेळा नजरेतून सुटते. आम्ल आणि तीव्र अल्कली काचतंतूंना कुरतडतात, आणि दाबाखाली ताणलेल्या तंतूंत त्यामुळे तडे जाऊ शकतात. बॅटरीचे आम्ल हे गाडीत ठेवलेल्या सिलिंडरचे नेहमीचे शत्रू आहे. थिनर, रंग काढणारी द्रावणे आणि तत्सम विद्रावके रेझिन मऊ करतात. त्यामुळे जुना दिसतो म्हणून सिलिंडर खरवडून रंगवण्याची आपल्याकडची हौस येथे पूर्णपणे आवरावी. नव्या रंगाखाली नुकसान झाकले जाते आणि रंगाआधी लावलेले द्रावण नवे नुकसान करते. मालमत्ता क्रमांक टाकण्यासाठी अंगावर नंबर पंच ठोकणे तर थेट तंतू तोडणे होय. क्रमांक हवा असेल तर चिकटपट्टीवर लिहावा.

भरताना

मुंबईत भरण्याच्या कामातील पहिला प्रश्न पाण्याचा आहे. पावसाळ्यातील 30 अंशांच्या दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये 25 ग्रॅमच्या आसपास बाष्प असते. 6.8 लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बारपर्यंत सुमारे 1,850 लिटर मोकळी हवा मावते, म्हणजे एक सिलिंडर भरताना कॉम्प्रेसर हवेबरोबर जवळजवळ एक कटिंग चहाएवढे पाणी ओढून घेतो. 200 ते 300 बारच्या सिलिंडरमधील श्वसनहवेसाठी युरोपीय मानक ईएन 12021 मध्ये पाण्याची मर्यादा प्रति घनमीटर 35 मिलिग्रॅम आहे, आणि त्या हिशेबाने संपूर्ण सिलिंडरमध्ये जेमतेम एक-दोन थेंब चालतात. उरलेले सगळे पाणी कॉम्प्रेसरच्या निचऱ्यातून आणि फिल्टरमधूनच बाहेर पडावे लागते.

म्हणून फिल्टर काडतूस बदलण्याचे तास पुस्तिकेत थंड हवामानासाठी दिलेले असतील, तर ते येथे जसेच्या तसे लावू नयेत; तापमान वाढते तसे काडतुसाचे आयुष्य झपाट्याने घटते, आणि बहुतेक पुस्तिकांत त्यासाठी तापमानानुसार गुणक दिलेला असतो. फिल्टर भिजण्याचा परिणाम पाण्यापुरता राहत नाही. कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर करणारा हॉपकॅलाइट हा पदार्थ ओला झाला की निकामी होतो, आणि मग कॉम्प्रेसरच्या हवा घेणाऱ्या नळीजवळ डिझेल जनरेटर किंवा उभ्या ट्रकचा धूर असेल, तर तो विषारी वायू थेट सिलिंडरमध्ये जातो. ईएन 12021 प्रमाणे कार्बन मोनॉक्साइड 5 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 5 भाग) आत, कार्बन डायऑक्साइड 500 पीपीएमच्या आत आणि तेल प्रति घनमीटर 0.5 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. वर्दळीच्या रस्त्यालगतच्या तळमजल्यावर कॉम्प्रेसर बसवलेला असेल, तर हवा घेणारी नळी उंचावर नेण्याचा खर्च टाळू नये.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. हवा दाबली की तापते, आणि रेझिन व तंतूंचे वेष्टण उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे कंपोझिट सिलिंडर पोलादीपेक्षा अधिक तापतो आणि हळू थंड होतो. घाईने भरून गेज 300 बारवर आणला आणि सिलिंडर वातानुकूलित खोलीत ठेवला, तर दुसऱ्या दिवशी तो 275 बारच दाखवतो आणि ‘गळती आहे’ अशी तक्रार येते. 300 बारच्या आसपास दर अंशाला साधारण एक बार, किंवा किंचित अधिक, असा फरक पडतो. उपाय सोपा आहे: उत्पादकाने सांगितलेल्या वेगाने सावकाश भरावे, सिलिंडर हाताला कोमट झाला की थांबावे, आणि थंड झाल्यावर उरलेला दाब पूर्ण करावा. ‘थोडा जास्त भरून ठेवू, थंड झाल्यावर बरोबर होईल’ ही युक्ती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. अनुभवी माणसेच ती करतात, आणि अनुभवामुळेच ती बिनदिक्कत करतात. ती करू नये.

भरण्यापूर्वी लेबलवरील कार्यदाब, पुढील चाचणीची तारीख आणि आयुष्याची अखेरची तारीख वाचावी. 300 बारच्या सिलिंडरची जोडणी अशी बनवलेली असते की 200 बारचे उपकरण तिला लागू नये. मधले अडॅप्टर वापरून ही तजवीज निष्फळ करू नये. हवेच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन भरणे पूर्णपणे वर्ज्य आहे, कारण कॉम्प्रेसरमधून आलेला तेलाचा अंशही दाबाखालील ऑक्सिजनमध्ये पेट घेऊ शकतो.

वापरताना

कामावर जाण्यापूर्वी गेजवर कार्यदाबाच्या किमान 90 टक्के, म्हणजे 300 बारच्या सिलिंडरमध्ये 270 बार, दाब असावा. व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, मग बंद करून एक मिनिट गेज पाहावा. दाब 10 बारपेक्षा अधिक उतरला तर सेट वापरू नये. त्यानंतर हवा हळू सोडत, हवा संपत आल्याचा इशारा देणारी शिट्टी 55 बारच्या आसपास वाजते याची खात्री करून घ्यावी. हवेचा हिशेब मात्र लेबलवरून करू नये: 6.8 लिटरच्या पूर्ण भरलेल्या सिलिंडरमध्ये शिट्टीनंतरची हवा बाजूला ठेवली, तर मिनिटाला 40 लिटरच्या श्वसनाला सुमारे 37 मिनिटे मिळतात, आणि जिना चढताना श्वसन 80 लिटरवर गेले की तीच हवा 19 मिनिटांत संपते.

सिलिंडर व्हॉल्व्हला धरून उचलू नये, जमिनीवरून ओढू नये आणि टेबलावर आधाराशिवाय उभा ठेवू नये. वापर संपल्यावर तो पूर्ण रिकामा होऊ देऊ नये. थोडा दाब राखून व्हॉल्व्ह बंद ठेवावा, म्हणजे बाहेरची दमट हवा आत शिरत नाही. सिलिंडर रिकामा करणे भागच असेल तर हवा सावकाश सोडावी, विशेषतः टाइप 4 मध्ये, कारण प्लॅस्टिकच्या लायनर आणि वेष्टणाच्या मध्ये मुरलेली हवा एकदम दाब उतरल्यास लायनरला आत ढकलू शकते.

एक इशारा गोदीच्या परिसरातील वाचकांसाठी. जहाजाचा तळ किंवा पंखा पाहण्यासाठी पाण्यात उतरताना बीए सेटचा कंपोझिट सिलिंडर उसना घेऊ नये. पाण्याखालील वापरासाठी स्वतंत्र मान्यता आणि खूण लागते. शिवाय हलका सिलिंडर हवा संपत आली की तरंगू लागतो आणि पाणबुड्याचा तोल बिघडवतो. खाऱ्या पाण्याचा संपर्क झालाच, तर गोड्या पाण्याने, व्हॉल्व्हच्या खाचांसह, लगेच धुऊन सावलीत वाळवावा.

ठेवताना

सागरी हवेतील मीठ तंतूंना फारसे काही करत नाही. त्याचा रोख व्हॉल्व्ह, मानेची आटे असलेली जागा आणि गाडीतील लोखंडी पकड यांच्याकडे असतो. पकडीला रबराचे अस्तर असावे, नाहीतर गाडीच्या हादऱ्यांनी ती रोज थोडीथोडी सिलिंडर खाते. मे महिन्यात बंद गाडीचा कप्पा सहज 60 अंशांच्या पुढे जाऊ शकतो, म्हणून गाडी सावलीत लावावी आणि सिलिंडर उघड्या गच्चीवर किंवा खिडकीतल्या उन्हात ठेवू नयेत.

वय, चाचणी आणि बाद करणे

भारतात या सिलिंडरांना गॅस सिलिंडर नियम, 2016 लागू होतात आणि नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे ‘पेसो’, त्यांना मान्यता देते. मान्यता नसलेला किंवा चाचणीची मुदत उलटलेला सिलिंडर भरता येत नाही. मुदत मान्यतापत्रात आणि लेबलवर दिलेली असते. दोहोंत फरक आढळल्यास आधी येणारी तारीख मानावी. हायड्रो टेस्टमध्ये सिलिंडर पाण्याने भरून कार्यदाबाच्या दीडपट, म्हणजे 300 बारसाठी 450 बार, दाबापर्यंत नेतात; ईएन आणि आयएसओ पद्धतीच्या सिलिंडरांत हे प्रमाण नेहमीचे आहे. पाणी दाबले तरी फारसे आकुंचन पावत नाही, त्यामुळे सिलिंडर फुटला तरी स्फोट होत नाही. पण ही चाचणी त्या दिवशीची असते. दुसऱ्या दिवशी पडलेल्या सिलिंडरबद्दल तिचे प्रमाणपत्र काहीच सांगत नाही.

अनेक कंपोझिट सिलिंडरांना 15 वर्षांचे आयुष्य दिलेले असते, काही रचनांना त्याहून अधिक किंवा अमर्यादित. 15 वर्षांचा सिलिंडर हायड्रो टेस्टमध्ये उत्तीर्ण झाला तरी सोळाव्या वर्षी वापरता येत नाही. मुंबईच्या दारूखाना भागात जहाजतोडणीतून निघालेले सामान विकत घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे: तेथे मिळणारा सिलिंडर देखणा असू शकतो, पण तो किती वेळा भरला, किती वेळा पडला आणि कोणत्या देशाच्या नियमांखाली मंजूर झाला हे त्याच्या अंगावरून कळत नाही. मला विचाराल तर इतिहास नसलेला कंपोझिट सिलिंडर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

इतिहास ठेवण्यासाठी एक साधी वही पुरते. प्रत्येक सिलिंडरला एक पान द्यावे, आणि त्यावर अनुक्रमांक, निर्मितीचा महिना, चाचण्या, भरल्याच्या तारखा आणि प्रत्येक आघाताची नोंद, पडल्याचे सांगणाऱ्याला जाब न विचारता, करावी. वार्षिक तपासणीसाठी 14 एप्रिलच्या सुमाराचा काळ सोयीचा आहे. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत झालेल्या स्फोटांत अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात सराव होतच असतात, सिलिंडर पेट्यांतून बाहेर आलेले असतात, आणि कॉम्प्रेसरचे फिल्टर बदलायला पावसाळ्यापूर्वी दीड महिना हातात उरतो.

बाद ठरलेला सिलिंडर कोपऱ्यात ठेवून देऊ नये, कारण सहा महिन्यांनी कोणीतरी तो पुन्हा भरायला घेऊन जातो. तपासणी केंद्राकडून दाब पूर्ण उतरवून, व्हॉल्व्ह काढून, मानेचे आटे निकामी करून किंवा सिलिंडर आडवा कापून घ्यावा. कार्बनची धूळ त्वचेला आणि फुप्फुसांना त्रास देते, म्हणून हे काम आपल्या कार्यशाळेत ग्राइंडरने करू नये. कापलेल्या तुकड्यांचे छायाचित्र काढून वहीतील त्या सिलिंडरच्या पानावर चिकटवावे आणि मगच तुकडे भंगारात द्यावेत.